डेझर्ट स्टाउट अर्ध्या ग्लासानंतर जड का होते, आणि ती चाखायची कशी

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या एका क्राफ्ट ब्रुअरीत नळावरची ‘डेझर्ट इम्पीरियल स्टाउट’ घेतली. स्टाउट म्हणजे भाजक्या जवाची काळीभोर बिअर; हिच्यात व्हॅनिला, कोको आणि भाजलेला नारळ. पहिल्या दोन घोटांना वाहवा, अर्ध्या ग्लासानंतर ती नकोशी झाली. दोष जिभेचा, ग्लासाचा की बिअरचा? आणि अशी बिअर नीट चाखायची कशी?

बहुतेक वेळा दोष बिअरचाच असतो. फक्त पहिल्या दोन घोटांत तो दिसत नाही, कारण बिअर फार थंड असते. थंडपणामुळे गोडी दबते आणि वासही बाहेर येत नाहीत. नळातून येणारी बिअर साधारण ३ ते ५ अंश सेल्सिअसला असते. ग्लास हातात राहिला की तीन गोष्टी एकदम घडतात. तापमान वाढतं तशी जिभेला तीच साखर जास्त गोड लागते. कार्बन डायऑक्साइड निघून जातो, म्हणजे त्याची आंबटसर चुणचुण कमी होते. आणि व्हॅनिला-कोकोच्या वासाला नाक काही मिनिटांत सरावतं, मग उरतो तो निव्वळ गोडवा. ज्या बिअरमध्ये भाजकेपणा आणि कडवटपणा पुरेसा आहे ती या तिन्ही बदलांनंतर उलट उलगडते. ज्यात नाही, ती चिकट होते. म्हणून अशा बिअरची परीक्षा पहिल्या घोटाची नाही, शेवटच्या तिसऱ्या हिश्श्याची आहे.

इम्पीरियल स्टाउट मुळात मिष्टान्न नव्हतीच. अठराव्या शतकात लंडनच्या साउथवर्कमधल्या थ्रेल यांच्या ब्रुअरीतली कडक बिअर रशियाच्या दरबारी जायची, त्यावरून ‘इम्पीरियल’ हे नाव चिकटलं. परीक्षक आज वापरतात त्या बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या मोजपट्टीत तिचं अल्कोहोल ८ ते १२ टक्के, कडवटपणा ५० ते ९० आयबीयू आणि फायनल ग्रॅव्हिटी १.०१८ ते १.०३० आहे. फायनल ग्रॅव्हिटी म्हणजे यीस्टचं काम संपल्यावर उरलेली घनता, पाणी १.०००. डेझर्ट किंवा पेस्ट्री स्टाउटमध्ये ही घनता सर्रास १.०३५ ते १.०५० पर्यंत ठेवतात. १.०४० म्हणजे दाटपणाला जवळजवळ कोलाच. फरक इतकाच की बिअरमधल्या या दाटपणातला मोठा वाटा डेक्स्ट्रिन (धान्यातला न आंबणारा पिष्टमय अंश) आणि लॅक्टोज (दुधातली साखर) यांचा असतो, आणि ते साखरेइतके गोड नसतात. लॅक्टोज यीस्टला पचत नाही म्हणून तसंच मागे राहतं. गोडीला ते साखरेच्या साधारण पाचव्या-सहाव्या हिश्श्याचं. त्याचं खरं काम तोंडाला साईसारखा भरीवपणा देणं हे. दूध न सोसणाऱ्यांनी मात्र आधी विचारून घ्यावं. ‘बिअरमध्ये कुठलं दूध’ असं म्हणून पिणाऱ्यांचं पोट रात्री उत्तर देतं.

भारतात यात एक जास्तीची अडचण आहे. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत बिअरचं अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंतच धरलेलं आहे. त्यामुळे इथे बनलेली ‘इम्पीरियल’ या शैलीच्या खालच्या काठावरच उभी असते. परदेशी १२ टक्क्यांच्या स्टाउटमध्ये अल्कोहोलची ऊब गोडीला थोडं कोरडं करते. ते वजन इथे मिळत नाही. अल्कोहोलच्या टक्क्यांचा हिशेब सोपा आहे: सुरुवातीच्या घनतेतून शेवटची वजा करायची आणि १३१ ने गुणायचं. १.०९५ ने सुरू करून १.०३४ वर थांबलं तर ८ टक्के होतात, आणि बिअर ठीक राहते. पण परदेशी कृती जशीच्या तशी उचलून १.११० ने सुरुवात केली आणि ८ टक्क्यांना थांबवलं, तर शेवट १.०४९ वर येतो. ही बिअर अर्ध्या ग्लासानंतर जड होणार, हे न चाखताच सांगता येतं.

म्हणून मागवण्याआधी काउंटरवर फायनल ग्रॅव्हिटी आणि आयबीयू विचारा. १.०४० च्या वर आणि ३५ च्या खाली अशी जोडी असेल तर सगळ्यात छोटा ग्लास घ्या. आकडे माहीत नाहीत असं उत्तर आलं तर ब्रुअरला विचारून या म्हणावं. मायक्रोब्रुअरीत तो सहसा टाक्यांपाशीच असतो. शिवाय केग (बिअरचं पिंप) कधी लावला आणि व्हॅनिला, नारळ, कॉफी कुठल्या रूपात घातली, हेही विचारा. शेंगा, निब्स (कोकोच्या बियांचे तुकडे), खोबरं की नुसता अर्क, यावर चव कशी टिकेल ते ठरतं. काजू-बदामाची ॲलर्जी असेल तर हा प्रश्न चौकशीपुरता राहत नाही.

चाखायला १०० ते १२० मिली पुरे. ग्लास पोटात गोल आणि तोंडाशी अरुंद हवा, स्निफ्टर किंवा ट्यूलिप. नसेल तर ब्रँडीचा किंवा वाइनचा छोटा ग्लास मागा. सरळ पाइंट ग्लासात वास थांबत नाही. फ्रीजरमधला पांढरा पडलेला ग्लास परत करा. टेबलाचाही विचार करा. शेजारी रवा लावलेली इसवण (सुरमई) तळून आली असेल, हाताला लसूण-आमसुलाचा वास असेल, तर व्हॅनिलाबद्दल मत देण्यात अर्थ नाही. आधी हात धुवा, पण सुगंधी साबणाने किंवा सॅनिटायझरने नको. तोंड कोरं करायला साधं, बर्फ न घातलेलं पाणी आणि पावाचा तुकडा. पोई इथे चालत नाही, तिचा कोंडा आणि आंबूसपणा जिभेवर राहतो. आणि ही बिअर नेहमी शेवटी. आधी डेझर्ट स्टाउट आणि मग आयपीए (कडवट, फिकट रंगाची बिअर) घेतली तर आयपीए पाण्यासारखी लागेल, आणि तो दोष तिचा नसेल.

पहिला वास थंडपणीच घ्या, लगेच, आणि काय मिळालं ते लक्षात ठेवा. मग ग्लास तळहातात धरून १० ते १३ अंशांपर्यंत येऊ द्या. गोव्यात यासाठी साधारण दहा मिनिटं लागतात, पंख्याखाली थोडी जास्त. ग्लासावरचं दव आटलं की बिअर तयार, हा परदेशी पुस्तकी उपाय इथे चालत नाही. पावसाळ्यात इथली हवा इतकी दमट असते की बिअर २० अंशांवर गेली तरी ग्लास घामाघूमच. घोट घेतल्यावर दात शिवशिवत नाहीत पण घशाला गारवा जाणवतो, ती वेळ योग्य. खिशात स्वयंपाकघरातला सळीचा थर्मामीटर असेल तर प्रश्नच मिटला. लोक हसतात, हसू द्या.

दहा मिनिटं थांबताना फेसाकडे पाहा. रंग गडद तपकिरी हवा, भाजक्या जवाचा. तो लवकर बसला म्हणून बिअर वाईट ठरत नाही; जास्त अल्कोहोल आणि खोबरं-कोकोतलं तेल दोन्ही फेस मारतात. मात्र काचेच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही. बदलून घ्या. पृष्ठभागावर उजेडात तिरपं पाहिल्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर खोबऱ्याचं किंवा काजूचं तेल सुटलं आहे. पुढे चवीत खवटपणा शोधायचा आहे हे तेव्हाच मनाशी धरा.

वास छोट्या छोट्या हुंगण्यांनी घ्यायचा, एकदा लांब श्वास ओढून नाही. फेणीची पारख करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. आधी पाया शोधा: भाजलेलं धान्य, कोळपलेला पाव, कडू चॉकलेट, करपू लागलेली साखर. तो सापडल्यावरच व्हॅनिला-नारळाकडे वळा. उलट क्रमाने गेलात तर व्हॅनिला सगळं झाकून टाकते आणि खाली स्टाउट आहे की नाही हेच कळत नाही. शेंगेची व्हॅनिला कस्टर्डसारखी गोल असते, तिच्यात थोडा लाकडाचा, थोडा मनुकेचा वास. इसेन्सची व्हॅनिला एकसुरी, लग्नातल्या आइस्क्रीमसारखी. वास बोथट झाला तर स्वतःच्या मनगटाची आतली बाजू हुंगा. नाक पुन्हा जागेवर येतं.

आता घोट. दहा-पंधरा मिली, म्हणजे चहाचे दोन-तीन चमचे. तोंडात फिरवा, तीन-चार सेकंद धरा, गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. स्टाउटची अर्धी चव या सोडलेल्या श्वासात येते. थुंकून चाखणं वाइनला ठीक. इथे गिळल्यानंतरचा शेवट बघायचा असल्यामुळे एखादा तरी घोट गिळावाच लागतो.

यानंतरचा प्रयोग मात्र चुकवू नका. नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. आता जिभेवर फक्त गोड, कडू, आंबट आणि दाटपणा उरतो. व्हॅनिला नाही, नारळ नाही, कोको नाही. गिळा आणि चिमूट सोडा. व्हॅनिला एकदम उसळून येते, आणि लक्षात येतं की व्हॅनिलाला स्वतःची गोडी नाहीच. ती वास आहे, पण गोड पदार्थांतच भेटल्यामुळे मेंदू तिला गोड समजतो. नाक बंद असतानाही घोट पाकासारखा लागला तर बिअर खरोखरच फार गोड आहे. नाक बंद असताना ती बरी, कडवट-दाट लागली आणि सोडल्यावर गोड झाली, तर ब्रुअरने साखर न वाढवता गोडीचा भास घडवला आहे. दुसरी गोष्ट खरं कौशल्य आहे. तिसरं उत्तरही कधी मिळतं: नाक बंद केल्यावर काहीच उरत नाही, पाणचट. मग सगळा खेळ अर्काचा.

गोडी कशी तोलायची हे बेबिंका खाणाऱ्याला वेगळं शिकवायला नको. अंड्याचा बलक, नारळाचं दूध, साखर, तूप एवढं घालूनही ती खाववते, कारण प्रत्येक थराचा माथा वरच्या विस्तवावर करपण्याच्या बेतापर्यंत भाजलेला असतो. त्या तपकिरी रेषा काढून टाकल्या तर दुसऱ्या तुकड्याला हात जाणार नाही. स्टाउटमध्ये ते काम भाजकं जव आणि ब्लॅक माल्ट करतात. घोट गिळल्यावर मनात वीसपर्यंत मोजा. वीसला तोंडात कोरडा, कोकोसारखा कडवटपणा असेल तर तोल आहे. वीसला ओठ एकमेकांना चिकटत असतील तर नाही.

माडाच्या गुळाबद्दल इथे सांगायला हवं, कारण गोव्यात स्टाउट म्हटलं की कुणाला तरी दोदोल, म्हणजे नारळ-गुळाची गोवन मिठाई, आठवतोच. गुळातली साखर यीस्ट जवळजवळ पूर्ण खातं. म्हणजे गुळाने बिअर गोड होत नाही, उलट अल्कोहोल वाढतं आणि अंग हलकं होतं. मागे राहतो धुरकट, खारट कडेचा वास. उकळताना लवकर घातलेल्या गुळाचा वासही उडतो. ‘दोदोल स्टाउट’ असं नाव असेल आणि ती तोंडात गुळासारखी गोड असेल, तर ती गोडी गुळाची नाही, लॅक्टोजची किंवा माल्टच्या न आंबलेल्या साखरेची आहे. नावाला भुलू नका. पण धुरकट वास खरोखर सापडला तर ब्रुअरला शाबासकी द्या, कारण तो टिकवणं अवघड आहे.

आता बिघाड. डेझर्ट स्टाउटमध्ये दोष ओळखणं अवघड जातं, कारण बरेचसे दोष मिठाईचं सोंग घेऊन येतात. सगळ्यात फसवा डायअसेटिल. लोण्याचा, पॉपकॉर्नचा वास. लोक त्याला टॉफी समजून कौतुक करतात. फरक असा की टॉफीचा वास भाजकेपणाशी मिसळलेला असतो आणि जिभेवर काही सोडत नाही. डायअसेटिल ऊब आल्यावर वाढतो आणि जिभेवर तुपकट निसरडेपणा ठेवतो. आंबवणं पुरं होण्याआधी यीस्ट काढून घेतलं किंवा थंड केलं की तो राहतो. नळाच्या घाणेरड्या पाइपातल्या जिवाणूंमुळेही येतो. त्याच नळाशेजारची हलकी लागर थोडीशी मागून हुंगा. तिच्यातही लोणी असेल तर संशय पाइपावर घ्या, ब्रुअरवर नाही.

नारळाचं कोकणी माणसाला नीट कळतं: खवट म्हणजे खवट. खोबरं नीट भाजून, तेल टिपून घातलं नाही किंवा केग महिनोन्‌महिने पडून राहिला तर आधी साबणासारखा आणि मग खवट वास येतो. कॉफी शिळी झाली की बिअरमध्ये चक्क सिमला मिरचीचा वास येतो. हलक्या भाजणीच्या कॉफीत हे लवकर होतं. कॉफी आणि नारळ हेच सगळ्यांत आधी विझतात. व्हॅनिला आणि कोको जास्त टिकतात. म्हणून पाटीवर चार गोष्टी आणि ग्लासात दोनच सापडल्या, तर केग जुना आहे असं धरायला हरकत नाही.

तुरटपणा आणि कडवटपणा यांची गल्लत फार होते. कडू ही चव आहे, तुरट ही जाणीव. काजूचं बोंड चावल्यावर हिरड्या आणि गाल आवळतात, तो तुरटपणा. स्टाउटमध्ये तो दालचिनी, कोकोच्या टरफलांचे तुकडे किंवा कॉफी फार दिवस भिजत ठेवल्याने येतो, किंवा धान्य फार गरम पाण्याने फार वेळ धुतल्याने. थोडा असेल तर तो गोडी कापतो आणि चालतो. दोन घोटांनंतर गालाला जीभ खरखरीत लागली तर नाही.

आंबटपणाचं थोडं सांभाळून. भाजकं धान्य आणि कॉफी दोन्ही आंबटसर असतात, तो आंबटपणा घोटाच्या सुरुवातीला येतो आणि जातो. शेवटपर्यंत रेंगाळणारा, दह्यासारखा आंबटपणा आणि त्यासोबत पातळ अंग व जास्त फेस असेल तर संसर्ग आहे. कच्चं खोबरं, निब्स, मसाले निर्जंतुक न करता टाकीत टाकले की हे होतं. सोया सॉससारखा खारट-मांसल वास मेलेल्या यीस्टचा. उन्हात, टेम्पोत तापलेल्या कॅनमध्ये तो लवकर येतो. नेलपॉलिशसारखा झोंबरा वास म्हणजे आंबवताना तापमान फार चढलेलं.

नायट्रो नळावर, म्हणजे मुख्यतः नायट्रोजन मिसळून, मिळाली तर ती मलईदार लागेल, पण नायट्रोजनमुळे वास मंद होतो आणि चुणचुण नसल्याने गोडी वाढते. चाखायला साधा नळ बरा, गप्पा मारायला नायट्रो.

तोलाबद्दल अजून शंका असेल तर ब्रुअर लोकांची युक्ती करा. त्याच ठिकाणची साधी, कोरडी स्टाउट किंवा पोर्टर (तिच्याच कुळातली गडद बिअर) थोडी मागा आणि दोन भाग डेझर्ट स्टाउटमध्ये एक भाग ती मिसळा. मिश्रण मूळ बिअरपेक्षा चांगलं लागलं तर मूळ बिअर जास्त गोड होती, वाद संपला. वाईट लागलं तर ब्रुअरचा हिशेब बरोबर होता आणि नकोसं होण्याचं कारण बहुधा मोठा ग्लास किंवा सोबतचं खाणं.

सोबत काय खावं यावर एवढंच: गोडावर गोड नको. बेबिंका आणि डेझर्ट स्टाउट ही जोडी मेनूवर शोभते, पोटात नाही. खारवलेले भाजके काजू उत्तम, मीठ गोडी कापतं. कडक जुनं चीज चालतं. शाकुती किंवा तिखट चोरिस टाळा. अल्कोहोलने मिरचीची आग वाढते आणि मग बिअर फक्त विझवण्यापुरती उरते.

प्रमाणाचा अंदाज ठेवा. ८ टक्क्यांची ३३० मिली स्टाउट म्हणजे २६ मिली शुद्ध अल्कोहोल. ५ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या बाटलीत ३२ मिली असतं. दाट आणि गोड असल्यामुळे ती दारूसारखी लागत नाही, तिथेच फसगत होते. वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि असा एक पूर्ण ग्लास बहुतेकांना ती ओलांडायला पुरतो. दुचाकी तिथेच राहू द्या.

घरी न्यायची तर बंद कॅन न्या. नळावरून भरलेला ग्राउलर (घरी न्यायची मोठी बाटली) गॅस निघून लवकर सपाट होतो, आणि सपाट डेझर्ट स्टाउट म्हणजे पाक. कॅन फ्रीजमध्ये उभा ठेवा, ओट्यावरच्या कपाटात नाही. गोव्याच्या उन्हाळ्यात तिथे बिअर लवकर म्हातारी होते. नारळ-कॉफीवाली असेल तर साठवण्याचा मोह नको. ती दोन-तीन महिन्यांत, थंड पावसाळी संध्याकाळी, दोघांत एक कॅन अशी संपवावी. उघडून पंधरा मिनिटं ठेवायची आणि मग ओतायची.